पडद्यावरची चढाई

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. बाळ ज. पंडितांचे आकाशवाणीवरील मराठी समालोचन तोवर घराघरांत रुजले होते. मैदान दिसत नसे, म्हणून ते शब्दांनी उभे करावे लागे. पडद्याने दृश्य दिले. राष्ट्रीय प्रक्षेपणातले निवेदन मात्र हिंदी-इंग्रजीत आले. क्रिकेट मुळात परके, तेव्हा ते खपले. कबड्डीचे काय? २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि नवापूर-बोईसरच्या दिवाणखान्यांत आपलीच चढाई ‘रेड’ होऊन, पकड ‘टॅकल’ होऊन परतली. खेळाडूंना पैसा नि प्रतिष्ठा मिळाली, हे थोडे नव्हे. २०२३ च्या आयपीएलला इंटरनेटवर मराठी समालोचनही लाभले. पण पंडितांच्या शब्दांवाचून सामना पोहोचत नसे, आजचा आवाज बंद करूनही पाहता येतो.