प्रवराकाठचा गोड रेणू

गव्हाणीत पडेपर्यंत ऊस जिवंतच असतो. कोयत्याने बुडातून तोडला, वाढे छाटले, मोळी बांधून ट्रॉलीत रचली, तरी कांडीतल्या पेशींचा श्वास चालूच राहतो. त्या श्वासाचे इंधन पेशी आपल्याच साठ्यातून काढतात. कारखान्याच्या आवारात गाड्यांची रांग लागली आणि ऊस दोन-तीन दिवस उन्हात तिष्ठत राहिला, की वजन घटल्याचे शेतकऱ्याला काट्यावर कळते. उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण, घटल्याचे कारखान्याच्या केमिस्टला प्रयोगशाळेत कळते. वजनातली घट बरीचशी पाण्याची असते. उताऱ्यातली घट मात्र एका रेणूची असते, आणि त्याचे नाव सुक्रोज.

सुक्रोज म्हणजे आपल्या डब्यातली साखर. कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ अणू मिळून तिचा एक रेणू होतो. त्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन लहान शर्करा एका बंधाने जोडलेल्या असतात. एकेकटे असताना हे दोघे चंचल असतात आणि पेशीतल्या इतर रेणूंशी चटकन अभिक्रिया करतात. जोडले गेले की शांत होतात. म्हणूनच पानात तयार झालेली शर्करा बुंध्याकडे धाडताना वनस्पती सहसा ती सुक्रोजच्या रूपात धाडतात. अहिल्यानगर, म्हणजे कालपरवापर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्याचा गेल्या शंभर वर्षांचा बागायती इतिहास या एका बंधाभोवती सांगता येतो. आधी तो टिकवण्याची खटपट झाली, मग तो मुद्दाम तोडण्याचा धंदा उभा राहिला.

खटपटीची सुरुवात पाण्यापासून झाली. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या या जिल्ह्यात पावसाच्या भरवशावर ऊस उभा राहणे कठीण. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याला प्रवरा अडवण्याचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि १९२६ मध्ये धरण पूर्ण झाले. संगमनेरजवळ ओझरच्या बंधाऱ्यातून निघालेल्या डाव्या-उजव्या कालव्यांनी राहुरी, श्रीरामपूर, नेवासे या भागांत पाणी फिरले. कोपरगावकडे गोदावरीचे कालवे आले. सासवडकडचे माळी बागायतदार या नव्या पाण्यामागे आले आणि उसाची शेती त्यांनी पक्की केली.

ऊस झाला तरी सुरुवातीला त्याची साखर होत नव्हती, गूळ होत होता. गुऱ्हाळातला गुळव्या हा त्या अर्थाने इथला पहिला जीवरसायनतज्ज्ञ. उसाचा ताजा रस किंचित आंबट असतो. आम्लात उष्णता पडली की सुक्रोजचा बंध तुटू लागतो, म्हणून काहिलीत रस तापत असताना गुळव्या बेताने चुन्याची निवळी घालतो. चुना कमी पडला तर रस आंबटच राहतो, जास्त झाला तर गूळ काळवंडतो. भेंडीच्या खोडाचा चिकट बुळबुळीत अर्क रसात मिसळला की प्रथिने आणि इतर गदळ त्यात गुरफटून वर येते आणि मळी म्हणून काढून टाकता येते. शेवटी चुलवणाचा जाळ कमी करून तो पाकाचा थेंब थंड पाण्यात सोडतो. बोटांनी त्याची टणक गोळी वळली की काहील उतरवायची. थर्मामीटर लावला तर तेव्हा पारा ११६ ते ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो.

बंध फार तुटले असतील तर ही गोळी वळतच नाही. मोकळे झालेले फ्रुक्टोज हवेतला ओलावा ओढून घेते. मग ढेप मऊ राहते आणि पावसाळ्यात पाघळते. गुळाचा तांबूसपणाही याच मोकळ्या शर्करांची करणी. रसातल्या अमिनो आम्लांशी त्यांची अभिक्रिया होऊन रंग आणि खमंगपणा येतो. फ्रान्सच्या लुई कामिय मायार याने ही अभिक्रिया १९१२ मध्ये मांडली. भाकरीला पडणारे तांबूस डागही तिचेच.

१९२० च्या दशकात श्रीरामपूरजवळ हरेगावला ब्रॅडी कंपनीच्या व्यवस्थापनाखाली बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. गुळव्याच्या बोटांची जागा इथे प्रयोगशाळेने घेतली. १९३२ च्या संरक्षक कायद्याने परदेशी साखरेवर जबर जकात बसली आणि देशभर कारखान्यांची संख्या काही वर्षांत जवळपास चौपट झाली. जिल्ह्यात डहाणूकरांचा टिळकनगरचा कारखाना आणि सोमय्यांची साकरवाडी याच काळातली.

या कारखान्यांच्या प्रयोगशाळेतले मानाचे यंत्र म्हणजे पोलरीमीटर. रस गाळून, निवळून एका लांब काचेच्या नळीत भरायचा, तिच्यातून एकाच प्रतलात कंपणारा प्रकाश सोडायचा आणि तो किती अंश वळला ते मोजायचे. सुक्रोज प्रकाशाला उजवीकडे वळवते. बंध तुटला की ग्लुकोज तसाच उजवीकडे ओढत राहतो, पण फ्रुक्टोज त्याहून जोराने डावीकडे ओढतो आणि एकूण पारडे डावीकडे झुकते. नळी न फोडता, रसाला हात न लावता, आतले किती बंध शाबूत आहेत ते असे डोळ्यांनी वाचता येते.

जीवरसायनशास्त्राचे एक पायाभूत सूत्र याच यंत्रातून निघाले आहे. १९१३ मध्ये बर्लिनमध्ये लिओनोर मिखाएलिस आणि कॅनडाहून आलेल्या मॉड मेंटन यांनी यीस्टमधून काढलेले इन्व्हर्टेज साखरेच्या पाण्यात घातले आणि प्रकाशाचा कोन मिनिटामिनिटाने कसा सरकतो ते टिपले. इन्व्हर्टेज हे एन्झाइम, म्हणजे विशिष्ट काम करणारे प्रथिन. अमिनो आम्लांची लांब साखळी दुमडून त्याला ठराविक आकार येतो, त्या आकारात एक खोबण असते आणि सुक्रोज त्या खोबणीत बसले की त्याचा बंध झटक्यात तुटतो. साखर वाढवत नेली तर वेगही वाढतो, पण सगळ्या खोबणी भरल्या की तो एका कमाल मर्यादेला येऊन थांबतो. हे नाते मांडणारे समीकरण आज एन्झाइमचा अभ्यास करणारा प्रत्येक विद्यार्थी शिकतो.

इन्व्हर्टेज उसाच्या पेशीतही असते. कोवळ्या, वाढत्या कांड्यांत ते जोरात असते, कारण वाढीला मोकळे ग्लुकोज लागते. दिवाळीनंतर रात्री गार पडू लागतात, पाणी आणि नत्र तोडले जाते, वाढ मंदावते, इन्व्हर्टेजचा जोर ओसरतो आणि सुक्रोज साठू लागते. शेतकरी याला ऊस पक्व झाला असे म्हणतो. शेतकी विभागाचा माणूस बुडाच्या आणि शेंड्याकडच्या कांडीतला थेंब हाताएवढ्या रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवून ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या घटकांचे प्रमाण, पाहतो. दोन्ही आकडे जवळ आले की तोडीचा क्रम लागतो. तोडलेल्या उसात मात्र इन्व्हर्टेज पुन्हा सोकावते. जखमेतून ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणूही आत शिरतात आणि ग्लुकोजच्या साखळ्या गुंफून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ करतात. त्याने रस दाट होतो, गाळण्या तुंबतात आणि साखरेचे दाणे लांबुडके निघतात. शिळा ऊस कारखान्याला का नको असतो, याचे उत्तर या दोघांत आहे.

कारखान्यांच्या नफ्याचा हिशोब मात्र तोवर खासगी मालकाच्या वहीत राहत होता. ती व्यवस्था बदलली लोणी या गावाने. डिसेंबर १९४५ मध्ये बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, कालव्यावरच्या बागायतदारांची परिषद भरली. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष होते. फारसे शालेय शिक्षण नसलेल्या विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून भागभांडवल गोळा केले आणि १९५०-५१ च्या हंगामात लोणीत प्रवरा सहकारी साखर कारखान्याची चाके फिरली. रोज ५०० टन ऊस गाळणाऱ्या या कारखान्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळच होते. पुढे कोपरगाव, राहुरी, संगमनेर, सोनई, भेंडे, श्रीगोंदे अशी धुराड्यांची माळ जिल्हाभर लागली. तोडीला माणसे बीडमधून येतात, तशीच जिल्ह्याच्याच पाथर्डी-शेवगावमधूनही येतात.

सहकाराच्या या वाढीमागे एक बदल वाणाचाही होता. दख्खनचा जुना पुंड्या ऊस जाड आणि रसाळ, पण रोगाला नाजूक. कोईमतूरच्या केंद्रात १९१२ पासून असा गोड ऊस आणि काशासारखा रानटी ऊस यांचा संकर होऊ लागला. गोडवा एकाचा, काटकपणा दुसऱ्याचा. दोन्ही गुण डीएनएच्या धाग्यावर लिहिलेले असल्यामुळे ते एका पिढीतून दुसरीकडे नेता येतात. प्रवरेच्या पट्ट्यात को ४१९, मग को ७४० आणि नंतर को ८६०३२ आला. पाडेगावच्या संशोधन केंद्राने राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या छत्राखाली फुले २६५ दिला. शेतकरी बेणे बदलतो तेव्हा पेशीतली सूचनावहीच बदलत असतो.

ही वही उघडली तर पेशी ज्या चार मोठ्या रेणुकुळांवर उभी आहे ती सगळी एका कांडीत सापडतात. सूचना डीएनएत. काम प्रथिनांकडे. कांडीवर नख ओढले की निघणारी पांढरी भुकटी मेणाची, म्हणजे मेदांच्या कुळातली; ती पाणी उडू देत नाही. चौथे कुळ कर्बोदकांचे. त्यात रसातली साखर येते आणि चिपाडातला सेल्युलोजही येतो. सेल्युलोज हे हजारो ग्लुकोजच जोडून होते, पण जोडणीचा कोन वेगळा असल्यामुळे माणसाचे एन्झाइम ती उकलू शकत नाही. वाढे खाणाऱ्या बैलाच्या पोटातले सूक्ष्मजीव ती उकलतात. कारखाना चिपाड बॉयलरमध्ये घालून वाफ आणि वीज काढतो.

उसाने शास्त्राला दिलेली सर्वांत मोठी देणगी पानात सापडली. अमेरिकेच्या मेल्विन केल्विनला वनस्पती कार्बन कशा पकडतात हे उलगडल्याबद्दल १९६१ चे नोबेल मिळाले. त्याने प्रयोगात वापरलेल्या शैवालात पकडलेल्या कार्बनचा पहिला पदार्थ तीन कार्बनांचा होता. हवाईच्या ऊस संशोधन केंद्रात कॉर्टशाक, हार्ट आणि बर यांना उसात मात्र तो चार कार्बनांचा आढळला; १९६५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत हॅल हॅच आणि रॉजर स्लॅक यांनी या मार्गाचा आराखडा मांडला. ऊस, ज्वारी, बाजरी आणि मका बाहेरच्या पेशीत कार्बन पकडून आतल्या पेशीत कोंडतात. त्यामुळे कडक ऊन आणि उष्ण हवेतही त्यांचे काम अडत नाही. नगरच्या कोरड्या उन्हात ज्वारी-बाजरी तग धरते आणि पाणी मिळाल्यावर ऊस सपाट्याने वाढतो, यामागे ही रचना आहे.

कारखान्यात साखर निघाल्यावर उरते ती मळी (मोलॅसिस); गुऱ्हाळातल्या मळीहून ही वेगळी. तिच्यात साखर भरपूर असते, पण तुटलेल्या बंधांचे ग्लुकोज-फ्रुक्टोज आणि क्षार मिसळल्यामुळे दाणा धरत नाही. यीस्टला दाण्याशी कर्तव्य नसते. ते आपले इन्व्हर्टेज बाहेर सोडून उरलेले सुक्रोजही तोडते आणि दहा पायऱ्यांनी ग्लुकोज फोडत पायरुव्हेटपर्यंत आणते. त्यातून कर्बवायू निघाला की पुढच्या पायरीत अल्कोहोल होते. हे सगळे पेशीच्या बाहेरही घडते, हे १८९७ मध्ये जर्मनीत एडुआर्ड बुखनर याने दाखवले. यीस्ट वाळूबरोबर खलून पिळून काढलेल्या मृत रसात त्याने साखर घातली आणि बुडबुडे उठू लागले. त्याला १९०७ चे नोबेल मिळाले. जगण्यासाठी गूढ प्राणशक्ती लागते, या जुन्या समजुतीला त्या बुडबुड्यांनी मोठा तडा दिला.

त्याच दहा पायऱ्या ऊसतोड मजुराच्या दंडातही घडतात. मोळी उचलताना ग्लुकोज फुटतो आणि त्यातून एटीपी तयार होतो. पेशी आपली बहुतेक कामे या रेणूच्या बळावर चालवते. तो स्नायूत १९२९ मध्ये जर्मनीच्या कार्ल लोमनला सापडला, आणि स्वतंत्रपणे हार्वर्डमध्ये सायरस फिस्के आणि आंध्रातून गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनाही.

मळीच्या अल्कोहोलवर टिळकनगरचा मद्यधंदा उभा राहिला. साकरवाडीला अल्कोहोलपासून इथाइल अॅसिटेटसारखी रसायने होऊ लागली. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाते, आणि त्यासाठी मळीबरोबरच उसाचा रसही आंबवला जातो. बंध टिकवायचा की तोडायचा, हा कारखान्याच्या ताळेबंदातला सर्वांत मोठा प्रश्न झाला आहे. पाऊस कमी पडल्याने डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने रसापासून इथेनॉल करायला मनाई केली, तेव्हा डिस्टिलऱ्यांवर नुकतेच केलेले खर्च अंगावर आले.

याचा धागा शेतकऱ्याच्या बिलापर्यंत येतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी उसाची एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, क्विंटलला ३५५ रुपये ठरली, ती १०.२५ टक्के उताऱ्याला. उतारा वाढला तर दरही वाढतो. पण हा उतारा सगळ्या कारखान्याचा मिळून काढलेला असतो, एकट्याच्या शेतातल्या उसाचा नव्हे. शिवाय रस किंवा साखर पुरती न काढलेली बी-हेवी मळी इथेनॉलकडे वळली की साखर कमी निघते आणि कागदावरचा उतारा खाली येतो. वळवलेली साखर हिशोबात किती परत धरायची, यावर गळीत हंगामात शेतकरी संघटना आणि कारखाने यांची जुंपते. काट्याचे वजन शेतकरी डोळ्यांनी पाहतो. उताऱ्याचा आकडा त्याला प्रयोगशाळेकडूनच घ्यावा लागतो, आणि त्यावरचा त्याचा विश्वास अजून पुरता बसलेला नाही.