मासे नसलेल्या टाकीचे पाच आठवडे

शाळेत काचेची नवी टाकी येते. तळाशी धुतलेली वाळू पसरली जाते, नळाचे पाणी भरले जाते आणि संध्याकाळपर्यंत मासेही सोडले जातात. पाणी अगदी नितळ असते. तरीही दहा-पंधरा दिवसांत एकेक मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करू लागतो आणि मरतो. पाणी स्वच्छ होते, मग मासे कशाने मेले, हा विद्यार्थ्यांचा प्रश्न रास्त असतो. त्याचे उत्तर हाती यायला विज्ञानाला चाळीस वर्षे लागली. त्या कथेची दोन टोके एकाच घरात सापडतात, याचे आम्हांला नेहमीच कौतुक वाटते.

लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. बारा गॅलन, म्हणजे सुमारे ५५ लिटर मावणाऱ्या काचपात्रातल्या पाण्यात त्यांनी दोन गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि कुजकी पाने खाणाऱ्या गोगलगाई ठेवल्या. वनस्पती प्राणवायू देते, मासे तो घेतात, म्हणून हे जग संतुलित राहते, असे त्यांचे म्हणणे होते. ते खरे होते, पण अपुरे होते. मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले अन्न आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. लिटरमागे काही मिलिग्रॅम अमोनिया मासे मारायला पुरतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. या अमोनियाचे पुढे काय होते?

याचा पहिला पुरावा मत्स्यालयातून आला नाही, तो गटाराच्या पाण्यातून आला. १८७७ मध्ये पॅरिसचे श्लोझिंग आणि म्युंट्झ यांनी एक मीटर लांब काचनळीत वाळू व चुनखडी भरून तीतून मैलापाणी हळूहळू झिरपू दिले. वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा खाली येत राहिला. मग अचानक नायट्रेट दिसू लागले आणि अमोनिया नाहीसा झाला. क्रिया केवळ रासायनिक असती, तर ती पहिल्याच दिवशी सुरू व्हायला हवी होती. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तेव्हा क्रिया थांबली. वाफ काढून घेऊन चिमूटभर मातीचे पाणी घातले, तेव्हा ती पुन्हा सुरू झाली. म्हणजे काम करणारे कोणी सजीव होते.

या सजीवांचा पाठलाग इंग्लंडमधील रॉदमस्टेडच्या शेती प्रयोगशाळेत ज्यांनी केला, त्यांचे नावही रॉबर्ट वॉरिंग्टनच. हे मत्स्यालयवाल्या वॉरिंग्टन यांचे चिरंजीव. क्रिया दोन टप्प्यांत होते, आधी अमोनियाचे नायट्राइट आणि मग नायट्राइटचे नायट्रेट, आणि दोन्ही टप्प्यांचे जीव वेगळे, हे त्यांनी दाखवले. मात्र जीव वेगळे काढणे त्यांना जमले नाही, कारण ते जिलेटिनवर वाढतच नाहीत. झुरिकमध्ये विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास सेंद्रिय अन्नच वगळले आणि यश मिळवले. हे जीवाणू अमोनियातूनच ऊर्जा मिळवतात. आपण फळ्यावर नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही जोडी लिहितो ती तेव्हापासूनची. आता तीत भर घालायला हवी. गोड्या पाण्याच्या टाक्यांत दुसरा टप्पा बहुधा नायट्रोस्पायरा पार पाडतो, हे १९९८ मध्ये दिसले. काही नायट्रोस्पायरा तर दोन्ही टप्पे एकटेच पार पाडतात, हे २०१५ मध्ये कळले.

मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी १९१४ मध्ये मैलापाण्यात हवा सोडत ठेवली. पहिल्या खेपेस पूर्ण नायट्रीकरणाला सुमारे पाच आठवडे लागले. तळाचा गाळ फेकून न देता तो पुढच्या पाण्यात वापरत गेल्यावर तेच काम एका दिवसावर आले. आजची बहुतेक शहरी शुद्धीकरण केंद्रे या गाळावरच चालतात.

टाकीलाही हेच पाच आठवडे द्यावे लागतात, तेही मासे न सोडता. कल्हईवाल्याचा नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. मात्र बाजारचा अशुद्ध नको, प्रयोगशाळेतला घ्यावा. क्लोरीन उडून गेलेल्या ४० लिटर पाण्यात पाव ग्रॅम घातला की लिटरमागे सुमारे २ मिलिग्रॅम अमोनिया होतो. जुन्या टाकीतली मूठभर वाळू टाकावी, हवेचा पंप चालू ठेवावा आणि दर दोन-तीन दिवसांनी चाचणी घ्यावी. अमोनिया उतरला की तेवढाच नवसागर पुन्हा घालावा. मध्यंतरी नायट्राइट चढते, तेही माशांना घातकच. घातलेला अमोनिया चोवीस तासांत नाहीसा होऊन नायट्राइटही शून्य दिसले, की बरेचसे पाणी बदलून मासे आणावेत.

हेच गणित नदीला लावून पाहू. इंद्रायणी देहूकडून तळवडे, चिखली, मोशीच्या कडेने आळंदीला येते. अलीकडच्या वर्षांत आळंदीच्या घाटांशी तिच्यावर पांढरा फेस वारंवार दिसला. फेसाची छायाचित्रे निघतात, अमोनियाची निघत नाहीत. एक ग्रॅम अमोनिया-नत्राचे नायट्रेट होताना सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू खर्च होतो. २५ अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात प्राणवायू जेमतेम ८ मिलिग्रॅम मावतो. म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅम अमोनिया-नत्र पचवायला नदीजवळचा सगळा प्राणवायूही पुरत नाही. तो वरून हवेतून विरघळत राहतो हे खरे, पण संथ, साचलेल्या पाण्यात फार हळू. म्हणून हे काम नदीत पोचण्याआधी, शुद्धीकरण केंद्रातच व्हायला हवे. तिथले जीवाणूही श्लोझिंगच्या नळीतल्यांसारखेच नाजूक असतात. धातूला मुलामा देण्याच्या कामातले सायनाइड किंवा क्रोमियम सांडपाण्यात मिसळले, तर क्लोरोफॉर्मने केले तेच तेही करतात. मग वसाहत पुन्हा उभी राहायला काही आठवडे जातात आणि तोवर अमोनिया तसाच पुढे वाहतो.

वर्गात हे तपासता येईल. दोन रुंद तोंडाच्या बाटल्यांत सारखेच पाणी, चुनखडीचा खडा आणि किंचित नवसागर घालावा. एकीत नदीकाठचा चमचाभर गाळ तसाच टाकावा, दुसरीत तो चांगला उकळून थंड करून टाकावा. तोंडाला कापूस लावून बाटल्या अंधारात ठेवाव्यात. गाळ हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. दर चार दिवसांनी नायट्राइटची चाचणी घेऊन ते कोणत्या बाटलीत कितव्या दिवशी उमटले, याची नोंद ठेवावी.