कचकड्याची बाहुली

दिवाळीची आवराआवर चालू असताना नातीने परवा विचारले, "आजोबा, तुमच्या लहानपणी खेळणी तरी होती का हो?" मी म्हटले, "होती तर! भोवरे होते, भातुकली होती, किल्ल्यावरचे मातीचे मावळे होते." एवढे सांगून मी थांबलो. एक खेळणे मात्र मी तिला सांगितले नाही. ते माझे नव्हते, ताईचे होते. आणि ते मी जाळले होते.

ती होती कचकड्याची बाहुली. आजच्या मुलांना हा शब्दही ठाऊक नसेल. कचकडे म्हणजे मुळात कासवाच्या पाठीचे कवच. त्याच्या फण्या करीत. पुढे 1870 च्या सुमारास अमेरिकेत जॉन हयात नावाचा गृहस्थ बिलियर्डच्या हस्तिदंती चेंडूला पर्याय शोधीत होता. आम्लाचा संस्कार केलेला कापूस आणि आपला देवापुढचा कापूर यांच्या मिलाफातून त्याने सेल्युलॉइड सिद्ध केले. त्याला कासवाच्या पाठीचा रंग हुबेहूब देता येई. आपल्याकडे त्या नकलेलाही अस्सलाचेच नाव मिळाले!

आमच्या लहानपणचा सारा थाटमाट या एका पदार्थावर उभा होता म्हणाना! बायकांच्या फण्या, साहेबी पोशाखातील ताठ कॉलर, चष्म्याच्या काड्या, जुन्या उघड्या मोटारींच्या पडद्यांना लावलेल्या खिडक्या, सिनेमाची फीत आणि जपानी बाहुल्या, सारे कचकडेच.

ही नवलाई आमच्यापर्यंत दोन वाटांनी येई. आमचे घर शिरूरला, म्हणजे तेव्हाच्या बोलीत घोडनदीला, पुणे-नगर रस्त्यावर. 1 जून 1948 रोजी पहिली एसटी नगरहून पुण्याला गेली ती याच रस्त्याने. मी तेव्हा तीन वर्षांचा. आईने म्हणे मला कडेवर घेऊन ती दाखविली. पुढे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील फियाट गाड्या धावू लागल्या. आम्ही ओट्यावर बसून त्या मोजीत असू. आत बसण्याचा विचार कुणाच्या मनातही येत नसे. याच फियाटने पुढे आमच्याच तालुक्यात, रांजणगावला कारखाना घातला, तेव्हा मला आमचा तो ओटा आठवला.

दुसरी वाट रुळांची. मामा दौंडला रेल्वेत होते. मनमाडचा फाटा 1878 मध्ये सुरू झाला तेव्हापासून दौंड हे मोठे जंक्शन. रेल्वेच्या वसाहतीत अँग्लो-इंडियन कुटुंबे राहत. त्यांच्या मुलींचे फुग्याच्या बाह्यांचे फ्रॉक आणि कापलेले केस ताई टक लावून पाही. मामांनी ते पाहिले असावे. 1955 च्या दिवाळीपूर्वी त्यांनी मुंबईहून तिच्यासाठी बाहुली आणली, गुलाबी गालांची, हात हलविणारी. तिच्या फ्रॉकवर आईने जुन्या लुगड्याचा पदर शिवला, तेव्हा ती खरी आमची झाली.

त्याच सुमारास गावाबाहेर टूरिंग टॉकीजचा तंबू पडला होता. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, खाली नुसती माती आणि बाहेर धडधडणारे इंजिन. 'प्रभात'चा 'संत तुकाराम' 1936 चा. पण आमच्या गावकऱ्यांनी तो त्या तंबूतही हात जोडून पाहिला. फीत तुटली की तुकडा कापून टाकीत आणि आम्ही मुले त्यावर झडप घालीत असू. उडालेल्या बल्बात पाणी भरायचे, आरशाने उन्हाची तिरीप आत घ्यायची आणि भिंतीवर चित्र पाडायचे, हा आमचा घरचा सिनेमा!

कुणीतरी सांगितले, जुनी फीत कापरासारखी पेटते. नरकचतुर्दशीच्या संध्याकाळी मी एक तुकडा पणतीवर धरला. भक्कन जाळ झाला. बाहुलीही याच जातीची का, हे पाहण्याची दुर्बुद्धी मला झाली. मी तिचा हात ज्योतीजवळ नेला. क्षणात कापराचा वास आणि काळा गोळा. आई धावत आली. ताई म्हणाली, "माझ्याच हातून पडली." मार तिने खाल्ला. पुन्हा बाहुली मात्र आली नाही.

जानेवारी 2003 मध्ये पुण्याच्या चित्रपट संग्रहालयातील जुन्या नायट्रेट फिती आगीत जळाल्या. त्यांत 'प्रभात'च्याही होत्या. पुष्कळशा चित्रपटांच्या प्रती आधीच निराळ्या फितीवर काढून ठेवल्या होत्या, म्हणून तुकोबा आजही पडद्यावर दिसतात. ती बातमी वाचताना मला कापराचा वास आला. आम्ही म्हातारे त्या दिवसांचे गोडवे गातो. पण ते दिवस किती चटकन पेट घेणारे होते आणि कुणी मुकाट्याने चटके सोसले, हे सांगत नाही.

नातीचा प्रश्न ऐकल्यावर रात्री मी ताईला फोन केला. सत्तर वर्षांनी कबुली दिली. ती हसली. म्हणाली, "जळाली ते कसले सांगतोस? दौंडहून येताना गाडीत गर्दी होती. मोडेल म्हणून तू तिला घरापर्यंत मांडीवर घेऊन बसला होतास. ते विसरलास वाटतं?"

खरेच विसरलो होतो.