नऊ आण्यांचा युक्तिवाद

कॉलेजातल्या वादविवाद स्पर्धांना परीक्षक म्हणून बसलं की एक गोष्ट हमखास दिसते. सगळ्यात जास्त टाळ्या 'आधी तुमच्याकडे बघा' या धाटणीच्या वाक्याला पडतात. मी अशा वाक्यासमोर कागदावर फुली मारत आलोय. कारण सरळ आहे. समोरच्याचे हात बरबटलेले असले म्हणून आपले धुतले जात नाहीत. हल्ली याला 'व्हॉटअबाउटरी' म्हणतात आणि कमेंट्समध्ये हा शब्द फेकला की वाद संपला असं समजतात.

मग ताराबाई शिंद्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' पुन्हा वाचलं आणि आपली फुली दरवेळी बरोबर होती का, अशी शंका आली. कारण ते अख्खं पुस्तक म्हणजे 'आधी तुमच्याकडे बघा' आहे. नावापासूनच.

१८८१ साल. सुरत तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. तिथल्या कोर्टात विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेवर खटला चालला. विधवा असताना झालेलं मूल तिने मारलं, असा आरोप. फाशीची शिक्षा झाली. अपिलात फाशी टळून ती काळ्या पाण्यावर आली आणि पुढे शिक्षा आणखी कमी झाली. वर्तमानपत्रांना विषय मिळाला. 'पुणे वैभव' या पत्राने तर या एका बाईवरून एकूण स्त्रीजातच कशी बिघडत चालली आहे, यावर तोंडसुख घेतलं.

हे पुण्यात छापलं गेलं, पण उत्तर आलं ते वऱ्हाडातल्या बुलढाण्याहून. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते आणि सत्यशोधक समाजाच्या वर्तुळातले. मुलीला त्यांनी मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं, पण लग्न मात्र रीतीप्रमाणे लहानपणीच लावून दिलं. नवरा घरजावई म्हणून राहिला. मराठा घरातल्या गोषाच्या चौकटीत बसून या बाईने एक निबंध लिहिला. १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्याच्या पाचशे प्रती छापल्या. किंमत नऊ आणे.

पुस्तकाच्या लांबलचक नावातच प्रश्न मांडलाय : स्त्रिया आणि पुरुष यांत 'साहसी' कोण? आज आपण साहसी म्हणजे ट्रेकला जाणारा समजतो. इथे तो शब्द जुन्या अर्थाने आहे, भीड न बाळगता वाईट काम करणारा. ताराबाई हा प्रश्न स्वतःच्या पदरचा काढत नाहीत. बाई म्हणजे कपटाचं घर, साहसाचं माहेर, अविश्वासाची खाण, अशा आरोपांची यादी संस्कृत सुभाषितांपासून गावच्या पारापर्यंत चालतच होती. त्या फक्त ती यादी हातात घेतात आणि कलमवार वाचायला लागतात. हे कलम बाईला लागू म्हणता? ठीक. आता हेच कलम पुरुषाला लावून बघू. पहिली बायको जिवंत असताना दुसरी कोण करतो? म्हातारपणी कोवळ्या पोरीशी लग्न कोण लावतो? लाच कोण खातो, तुरुंग कोणी भरलेत?

आता ही पळवाट झाली का? माझ्या मते नाही, आणि का नाही हे नीट बघायला हवं. 'मूल मारणं हा गुन्हा आहे' असं कुणी म्हटलं आणि त्यावर 'पुरुषही गुन्हे करतात' असं उत्तर आलं, तर ती पळवाट. माझी फुली तिथे पक्की. पण 'पुणे वैभव'चं म्हणणं तेवढंच नव्हतं. बाईची जातच वाईट, असं ते म्हणणं होतं. आणि 'बायका वाईट' या वाक्यात 'पुरुषांपेक्षा' हा शब्द न छापता बसलेला असतो. तो नसेल तर वाक्याला काही अर्थच उरत नाही. मग माणसं वाईट असतात एवढंच उरतं. म्हणजे आरोपच मुळात तुलनेचा आहे. तुलनेचा आरोप तपासायचा तर तुलना करण्याशिवाय दुसरा मार्ग नाही. ताराबाईंनी तो छुपा शब्द उघड्यावर आणला, एवढंच.

दुसरी गोष्ट त्या करतात ती मला याहून अवघड वाटते. त्या विजयालक्ष्मीच्या प्रकरणाची साखळी मागे मागे नेतात. त्या मुलाला बाप होता. खटल्यात तो कुठे आहे? विधवेच्या केसांवर वस्तरा कुणी फिरवायला लावला, तिला शुभकार्यातून कुणी हाकललं? विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्येच झाला होता, पण तो कागदावर. लग्न केलेल्या विधवेला वाळीत टाकणारे तेच आणि लग्न न झालेल्या विधवेला मूल झालं की बोंब मारणारेही तेच. याच दुष्टचक्रामुळे जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. विधवेने तिथे येऊन गुपचूप बाळंत व्हावं, मूल मारू नये. युक्तिवादाच्या भाषेत, आरोप करणारा फक्त शेवटची कडी दाखवतो तेव्हा आधीच्या कड्या मोजून दाखवायच्या. स्पर्धेच्या तीन मिनिटांत हे जमत नाही, घंटा वाजते. त्याला निबंधच लागतो.

पुराणांचा वापर त्या कशा करतात हेही बघण्यासारखं आहे. पातिव्रत्याचे दाखले पुराणातून देता ना, मग पुराण पूर्ण उघडू. देवांनी काय काय केलं तेही वाचू. द्रौपदीचे पाच नवरे, कुंतीची मुलं, सत्यवती. या बायकांना पूज्य मानणारे तुम्ही सुरतेच्या विधवेला कोणत्या नियमाने मोजता? आणि धर्म म्हणाल, तर साहेबी बूट, साहेबी कोट चढवताना तुमचा धर्म कुठे जातो? इथे त्यांचा उपहास झणझणीत आहे. सभा भरवून, शालजोड्या मिरवून, हारतुरे घेऊन घरी जाणाऱ्या सुधारकांनाही त्या सोडत नाहीत.

पण परीक्षक म्हणून बसलोच आहे तर कच्चे दुवेही सांगायला हवेत. एका विजयालक्ष्मीवरून सगळ्या बायका, ही 'पुणे वैभव'ची चूक. ताराबाईही रागाच्या भरात कित्येकदा काही पुरुषांवरून सगळ्या पुरुषांवर जातात. तीच उडी, फक्त उलट्या दिशेने. पतिव्रतेची कल्पना त्या पूर्ण टाकत नाहीत. नवऱ्याने तसं वागावं मग बायकोकडून अपेक्षा करावी, इथे थांबतात. वेश्यांबद्दल लिहिताना त्यांची भाषा कठोर होते, आणि वर वापरलेली ती साखळी इथे फारशी मागे जात नाही. हे वाचताना वाईट वाटतं.

तरी त्या उलट्या उडीबद्दल माझं मन पुरतं ठरत नाही. कधी वाटतं ती मुद्दाम मारलेली आहे. तुमच्याच तर्काने तुमची काय गत होते ते बघा, असं दाखवायला. कधी वाटतं छे, हा निव्वळ संताप आहे, आणि १८८२ मध्ये बुलढाण्यात बसून त्यांना संतापायचा हक्क होता.

पुस्तकाचं पुढे काय झालं? टीका झाली, स्वकीयांकडूनही. फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही आणि हेही विस्मरणात गेलं. स. गं. मालशे यांनी ते १९७५ मध्ये पुन्हा छापलं, तेव्हा मूळ आवृत्तीला नव्वदहून जास्त वर्षं झाली होती. १९९४ मध्ये रोझलिंड ओ'हॅनलन यांचा इंग्रजी अनुवाद आला आणि आता जगभरच्या विद्यापीठांत ते वाचलं जातं.

पुढच्या स्पर्धेचा विषय आलाय : 'आजची तरुण पिढी बेजबाबदार आहे'. कुणीतरी उठून 'आणि मागची?' असं विचारणार, टाळ्या पडणार. या वेळी फुली मारण्याआधी मी त्या विषयात न छापलेला शब्द शोधणार आहे.