लोकसंस्था, कायदा आणि सहा वर्षांखालील मूल

शिक्षणाचे सरकारी धोरण सरकारच ठरविते, अशी सर्वसामान्य समजूत आहे. इतिहास पाहू जाता ती अर्धीच खरी ठरते. इंग्लंडात १८६९ साली बर्मिंगहॅम येथे नॅशनल एज्युकेशन लीग नावाची संस्था निघाली. शिक्षण सक्तीचे, मोफत आणि पंथभेदापासून अलिप्त असावे, एवढीच तिची मागणी होती. दुसऱ्याच वर्षी तेथे प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. सक्ती सर्वत्र लागू झाली ती १८८० साली, आणि बहुतेक प्राथमिक शाळांतील फी उठली ती १८९१ साली. लीग तर १८७७ मध्येच विसर्जित झाली होती. मागणारी संस्था संपली, पण मागणी टिकली.

अशा संस्थांना या लेखापुरते आपण लोकसंस्था म्हणू. त्या आपल्याकडेही नव्या नाहीत. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. दोन्ही लोकांनीच उभी केली. परंतु आपल्यापुरती संस्था चालविणे निराळे, आणि आपल्या कार्याने सरकारच्या धोरणास वळण लावणे निराळे. या दुसऱ्या प्रकाराचे एक उत्तम उदाहरण ठाणे जिल्ह्यात घडले आहे. येथे ठाणे जिल्हा म्हणजे जुना, अखंड जिल्हा समजावा. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, आणि ज्या बोर्डी व कोसबाड या गावांविषयी पुढे लिहावयाचे आहे ती त्या जिल्ह्यात गेली.

प्रथम मागण्यांची परंपरा थोडक्यात पाहू. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले. वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर होणाऱ्या खर्चाचा भार करांच्या रूपाने शेतकरी उचलतो, आणि त्याची मुले मात्र निरक्षर राहतात, हे त्यांचे मुख्य गाऱ्हाणे. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी. ती त्या वेळी मान्य झाली नाही. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९०६ साली आपल्या राज्यात सक्ती आणून दाखविली. नामदार गोखले यांनी १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात विधेयक आणले. ते सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरते होते, तरीही पुढील वर्षी तेरा विरुद्ध अडतीस मतांनी ते नापास झाले. शेवटी १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात कायदा झाला आणि इच्छा असेल त्या म्युनिसिपालिटीस सक्ती लागू करण्याची मुभा मिळाली.

या साऱ्या प्रयत्नांत एक गोष्ट समान आहे. मूल शाळेत जाण्याजोगे झाले की मगच त्याचा विचार सुरू होतो. त्याआधीची वर्षे घराची, आईची, फार तर आजीची. सरकारचा त्यांच्याशी संबंध नाही, असे सर्वांनीच गृहीत धरले होते. यात त्या थोर पुरुषांना दोष देण्याचे कारण नाही. जेथे दहा वर्षांच्या मुलासाठी कायदेमंडळात बहुमत मिळत नव्हते, तेथे तीन वर्षांच्या मुलाची गोष्ट काढणे हास्यास्पदच ठरले असते. मागणीला काळाची मर्यादा असते ती अशी.

ही मर्यादा ओलांडली गेली ती प्रत्यक्ष प्रयोगाने. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी माँटेसोरी पद्धतीचे बालमंदिर चालविले आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे ताराबाई मुंबईस आल्या व १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाला. येथवरचे हे कार्य मुख्यतः तुमच्या-आमच्यासारख्या पांढरपेशा घरांतील मुलांचे होते. स्वच्छ कपडे घालून, हात धरून ज्यांना बालमंदिरात पोचविता येते, अशी ही मुले. हे शास्त्र खेड्यातील दरिद्री मुलाच्या उपयोगी पडेल काय, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी १९४५ साली त्या बोर्डीस गेल्या. बाळासाहेब खेर यांनी १९४० साली आदिवासी सेवा मंडळ स्थापन करून या भागात कार्यास आरंभ केला होताच. बोर्डीस आचार्य भिसे यांच्यासारखे कार्यकर्ते होते. अनुताई वाघ ताराबाईंना येथेच येऊन मिळाल्या. तेराव्या वर्षी वैधव्य आलेली ही बाई शिकून शिक्षिका झाली होती. तिचे उरलेले सारे आयुष्य, म्हणजे १९९२ पर्यंतची सत्तेचाळीस वर्षे, याच कार्यात गेले.

बोर्डीस पहिला अनुभव आला तो निराशेचा. गावात बालवाडी काढली, पण ज्यांच्यासाठी ती काढली त्या वस्त्यांतील मुले येईनात. आईबाप पहाटेच मजुरीस जात. मुलांना आंघोळ घालून शाळेत पोचविणार कोण? तेव्हा त्या दोघींनी एक साधी गोष्ट केली. मूल शाळेत येत नाही, तर शाळा मुलाच्या अंगणात नेली. अंगण झाडावे, मुलांची तोंडे धुवावी, केस विंचरावे, मग गाणी, गोष्टी आणि खेळ. माँटेसोरीची मूळ साधने महाग, म्हणून शिंपले, बिया, पाने, खडे यांचीच साधने केली. या प्रकारास नाव पडले अंगणवाडी.

सुमारे तपभराने हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत गेले. तेथे आणखी एक अडचण दिसून आली. मोठी मुलगी शाळेत येत नसे, कारण कडेवर धाकटे भावंड असे. मुलगा येत नसे, कारण त्याला गुरे राखावयाची असत. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी उभी केली, आणि गुराख्यांसाठी चराऊ रानातच कुरणशाळा भरविली. शाळेचे वेळापत्रक मुलाच्या आयुष्यास जुळवून घ्यावयाचे, मुलाचे आयुष्य वेळापत्रकास नव्हे, हे तत्त्व ग्रंथातून आलेले नव्हते. ते पाड्यावरून आले होते.

येथे एका गोष्टीचा उल्लेख केला नाही तर चित्र अपुरे राहील. त्याच १९४५ सालच्या मे महिन्यात, तलासरीजवळ झरी येथे, गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. सावकाराच्या शेतावर जो बाप फुकट राबतो त्याच्या मुलास शाळा कसली! बालशिक्षण संघ आणि किसान सभा यांचे मार्ग अगदी भिन्न होते. परंतु वेठ सुटल्यावाचून अंगणातील शाळेला अर्थ आला नसता, हे इतिहासकारास मान्य करावेच लागेल.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना तेहतीस ठिकाणी सुरू केली आणि तिच्या केंद्रास नाव दिले अंगणवाडी. समुद्रकाठच्या एका गावातील शब्द देशभर गेला. लोकसंस्थेचा याहून मोठा विजय कोणता? तथापि, येथेच सावध राहिले पाहिजे. योजनेत सेवा सहा होत्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, दवाखान्याकडे पाठवणी, आहार व आरोग्य यांविषयीचे शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण. बोर्डीस जी गोष्ट केंद्रस्थानी होती ती येथे सहांतील एक झाली. भुकेल्या मुलास आधी अन्न हवे, हे खरेच. परंतु खिचडी मोजता येते, वजन नोंदविता येते, गाणे मोजता येत नाही. जे मोजता येत नाही ते सरकारी वहीत मागे पडते. ज्या बाईवर हे सारे सोपविले तिला शिक्षिका न मानता मानसेवी कार्यकर्ती मानले गेले. तिला मिळते ते वेतन नव्हे, मानधन.

योजनेचा विस्तार झाला तोही पुष्कळसा लोकसंस्थांच्या रेट्यामुळे. नागरी स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या पीयूसीएल या संस्थेने २००१ साली अन्नाच्या हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्यावर २८ नोव्हेंबर २००१ रोजी न्यायालयाने प्रत्येक वस्तीत अंगणवाडी असावी असा आदेश दिला. डिसेंबर २००६ मध्ये चौदा लक्ष केंद्रांचा आकडा ठरवून दिला, आणि सहा वर्षांखालील किमान चाळीस मुले असलेल्या वस्तीने मागणी केल्यास तीन महिन्यांत अंगणवाडी मिळाली पाहिजे असे सांगितले.

योगायोग असा, की त्याच २८ नोव्हेंबर २००१ रोजी लोकसभेने शिक्षणास मूलभूत हक्क ठरविणारे घटनादुरुस्ती विधेयक मंजूर केले. ही दुरुस्ती बारकाईने वाचावयास हवी. मूळ घटनेच्या पंचेचाळिसाव्या अनुच्छेदात चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांस मोफत व सक्तीचे शिक्षण असे शब्द होते. खालची मर्यादा त्यात नव्हती. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत या कलमातील ‘शिक्षण’ या शब्दाजागी ‘प्राथमिक शिक्षण’ घालावे अशी सूचना आली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवण्याची मनाई केली, तर त्याला शिक्षणसंस्थेत ठेवलेच पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद. २००२ च्या दुरुस्तीने हक्क दिला तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलास. सहा वर्षांखालच्या मुलासाठी राज्य ‘प्रयत्न करील’ एवढेच आश्वासन उरले. अनेक संघटनांनी हरकत घेतली, ती व्यर्थ गेली. २००९ च्या कायद्यातही तीन वर्षांवरील मुलांच्या शाळापूर्व शिक्षणाची व्यवस्था सरकार ‘करू शकेल’, असे ऐच्छिक क्रियापद आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तिसऱ्या वर्षापासून शिक्षणाचा पाया धरला, हे स्तुत्य. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे, आणि कायद्यातील सहाचा आकडा जागचा हललेला नाही.

म्हणजे, जे मूल बोर्डीच्या अंगणात प्रथम दिसले, तेच कायद्याच्या उंबरठ्याबाहेर राहिले आहे.

असे का झाले? प्रस्तुत लेखकाच्या मते त्याचे एक कारण आपल्याच घरांत सापडते. डोंबिवलीत सकाळी स्टेशनाकडे जाताना तीन-चार वर्षांची मुले दोन वाटांनी जाताना दिसतात. काही गळ्यात ओळखपत्र अडकवून, फी भरलेल्या शिशुवर्गाकडे. काही चाळीतील एका खोलीकडे, जिच्या दारावर अंगणवाडीची पाटी आहे. पहिल्या वाटेवर आपली मुले आहेत. आपल्या मुलाचा प्रश्न पैशाने सुटला, त्या दिवशी त्या दुसऱ्या खोलीत काय चालते हे विचारण्याचे आपण सोडून दिले. खोलीतील बाईने तो प्रश्न स्वतः विचारला: २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, आणि डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील सेविकांनी संप पुकारला. आपल्यापैकी बहुतेकांनी त्या बातम्या वाचल्या आणि पान उलटले.

लोकसंस्थेची कामे तीन आहेत: मागणी करणे, प्रयोग करून दाखविणे आणि सरकारने प्रयोग स्वीकारल्यावर त्यावर लक्ष ठेवणे. पहिल्या कामास फुले-गोखले लाभले, दुसऱ्यास ताराबाई व अनुताई. तिसऱ्या कामास थोर पुरुष लागत नाही. शेजारच्या गल्लीतील अंगणवाडीत महिन्यातून एकदा जाऊन बसणारा, मुले गातात की नाही हे पाहणारा आणि गात नसतील तर संबंधितांस पत्र लिहिणारा साधा शिकलेला माणूस पुरे. कल्याण-ठाण्याच्या ज्या मध्यमवर्गाने वाचनालये चालविली, त्याला हे काम जड जाण्याचे कारण नाही.