मोड नाही, पाव्हणं

उतरा पटकन. नाहीतर मागचा लोंढाच तुम्हाला फलाटावर ढकलून देईल. तिसऱ्या वर्गाचा डबा, वैशाखातली दुपार, साल 1944. घाट चढवून आणणारं विजेचं इंजिन इगतपुरीलाच सुटलं. पुढं कोळशाचं लागलं, म्हणून दाताखाली कचकच होतेय आणि डोळ्यात कण गेलाय. चोळू नका, पदरानं किंवा रुमालानं टिपा. समोर फलाटभर खाकी दिसतंय. घामानं काळे पडलेले शर्ट, उन्हानं सोललेली नाकं, नाळ ठोकलेल्या बुटांचा खडखडाट. तंबाखू, ओलं चामडं, घोड्याची लीद, तळलेली भजी, असा सगळा मिळून एकच वास नाकात बसतो. ही देवळाली.

टांग्यात बसा, पण भाड्यावरून घासाघीस करू नका. चंदी महागलीय, घोड्याच्या बरगड्या तुम्हालाही मोजता येतील. आणि खिशातली ती पाचशेची नोट तर मुळीच काढू नका. असेल ती इथून जवळच्याच नाशिकरोडच्या छापखान्यातली, पण तिच्यावर राजाचं तोंड नाही. ती पाहून टांगेवाला आधी घाबरेल आणि मग म्हणेल, “मोड नाही, पाव्हणं.” हे वाक्य आज तुम्हाला दिवसभर ऐकायचंय.

लॅम रोडनं धूळ उडवत निघालात की दोन्ही हातांना तंबूच तंबू. विलायतेहून मुंबईला उतरलेले सोजीर इथं आणून ठेवायचे आणि इथून लढाईवर धाडायचे. घरी परतणारेही इथंच बोटीची वाट बघत बसायचे. पूर्वी तर महिनोन्महिने बसायचे. त्या बसण्यानं, उन्हानं, तापानं ज्याचं डोकं फिरलं त्याला गोरे म्हणत ‘डुलॅली टॅप’. डुलॅली म्हणजे आपली देवळाली, आणि टॅप म्हणजे आपला ताप. पहिला शब्द अजून इंग्रजीत नांदतोय. गावाचं नाव असं आजारपणातून सातासमुद्रापार गेलं, याचं मला फार वाईट वाटतं. त्या पोरांचंही वाटतं.

कॅम्पाच्या बाजारात उतरा. पायाखालची जमीन हादरली? चांदमारीवर तोफा सुटतायत. कौलं थरथरतात, पत्र्यावरचा कावळासुद्धा उडत नाही, इतकी सवय झालीय. किराण्याच्या दुकानात गूळ, मिरची आणि गोणपाटाचा दमट वास. तुमच्या पुढच्या बाईनं रुपयाची नोट दिली आणि सुट्ट्याच्या जागी तिला काय मिळालं बघा: पोस्टाचं एक तिकीट आणि मूठभर फुटाणे. “मोड नाही, बाई.” ते तिकीटही नाशिकरोडलाच छापलेलं.

नशीब असेल तर तुमच्या हातावर भोकाचा पैसा पडेल. नीट बघा त्याच्याकडं. नवाकोरा, तांबूस, मधोमध करंगळीचं टोक अडकेल एवढं भोक, वर मुकुट. मुकुट आहे, पण त्याखालचा राजा भोकात गेलाय. जुना पैसा याच्या दुपटीहून जड होता. तांबं लढाईला लागतंय, म्हणून पैशाचं पोट पोखरलं. पोरं तो डोळ्याला लावून तोफांच्या दिशेनं बघतात, आया करगोट्यात ओवतात.

गल्लीत जात्यापाशी बसलेली म्हातारी राणीछाप रुपया दगडावर टाकून दाखवते. टण्ण! पुरा तोळाभर वजन, बारा भागांत अकरा चांदी. मग नवा टाकते. 1940 पासून त्यात चांदी निम्मीच. आवाज तिच्या कानाला बद्द लागतो, ती तोंड फिरवते. राणीचा रुपया सरकारनं चलनातून काढलाय, हिनं मात्र चुलीमागच्या मडक्यात ठेवलाय.

हिच्या मडक्यापर्यंत लढाई आली कशी? इंग्रज सरकारला इथलं धान्य, कापड, तंबू, बूट, सगळं हवंय. माल उचलायचा, त्याची किंमत लंडनच्या वहीत पौंडात हिंदुस्थानच्या नावे जमा धरायची, आणि इथल्या शेतकऱ्याला, हमालाला द्यायला रुपयाच्या नोटा छापायच्या. माल गेला, नोटा राहिल्या. सहा वर्षांच्या लढाईत देशातल्या नोटा सहापटीच्या घरात गेल्या. बाजरी काही सहापट पिकली नाही. म्हणून शेजारच्या संसरी गावच्या माळ्याला कॅम्पात कोबीचे कधी नव्हे इतके पैसे मिळतात आणि धोतरजोडी घ्यायला गेला की ते पुरत नाहीत.

अंधार पडला. भगूरच्या वाटेवर एकेका घरात मिणमिणती पणती, तिला करंजीच्या तेलाचा कडू धूर. कंदील खुंटीला टांगलेत, कोरडे. रॉकेल यायचं ब्रह्मदेशातून, तो 1942 मध्ये जपान्यांनी घेतला. कंट्रोलच्या दुकानापुढं बायकांनी सकाळच्या रांगेसाठी रात्रीच डबे मांडून ठेवलेत, डब्यावर दगड.

एवढ्यात जाऊ नका. परटाच्या अंगणात भट्टी अजून धगधगतेय, सोड्याच्या वाफेनं डोळे चुरचुरतात. परटीण खळ दिलेल्या चड्ड्यांवर कोळशाची इस्त्री फिरवते. प्रत्येकीच्या पट्ट्याआड बिब्ब्याची खूण: दोन टिंबं एका गोऱ्याची, फुली दुसऱ्याची. तिला नावं उच्चारता येत नाहीत, खुणा मात्र शेकड्यानं पाठ. एक गठ्ठा तिनं बाजूला ठेवलाय. तीन रेघा आणि टिंब.

“ह्यो पोरगा रुपयाची नोट देऊन गेला. धुलाई दहा आणे. मोड नव्हती माझ्याकडं, म्हनलं सांजच्याला ये. रातीतनं त्यांची गाडी सुटली.”

“कुठं गेली?”

“तिकडं. ब्रह्मदेशाच्या अंगाला.”

गठ्ठ्याची गाठ ती सोडते. घडीच्या आत दोऱ्यात ओवलेली माळ आहे, भोकाच्या पैशांची. हप्ताभर बाजारात एकेक करून तिनं ते गोळा केलेत. पणतीजवळ नेऊन ती तुमच्यासमोर मोजते, बोटानं एकेक सरकवत. चोवीस. पुरे सहा आणे. पुन्हा घडीत ठेवते, गाठ मारते, आणि गठ्ठा फळीवर चढवते.