सोनटक्का आणि न्हाणीचं पाणी

जास्वंदीला गणपती मिळाला, बेलाला शंकर, तुळशीला विष्णू. पारिजातकाच्या वाट्याला तर सत्यभामा-रुक्मिणीचं अख्खं भांडण आलं. सोनटक्क्याला मात्र, माझ्या वाचनात तरी, एकही देव मिळालेला नाही. त्याचं पुराण नाही, व्रत नाही, आरतीत नाव नाही. वास असा की संध्याकाळी अख्खं परस भरून जावं, आणि जागा कुठली, तर न्हाणीमागची, सांडपाण्याची!

आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. राजे, लढाया, सनावळ्या. पण परसातल्या झाडालासुद्धा सनावळ्या असतात हे निवृत्तीनंतर कळलं. म्हणून आज सोनटक्क्याची बखर. भावंडांना मी हे मुद्दाम वाचायला सांगणार आहे, कारण शेवटी एक घरगुती विषयही आहे.

आधी कुळी. सोनटक्का आलं-हळदीच्या घरातला. पानं वेलदोड्यासारखी, जमिनीखाली आल्यासारखाच गाठीगाठींचा कंद, दांडा माणसाच्या छातीपर्यंत सहज जातो. नाव सोन्याचं आणि रंग पांढराशुभ्र, हे कोडं मला लहानपणापासून आहे. फूल संध्याकाळी उमलतं आणि रात्री जास्त वास देतं, कारण त्याचं गिऱ्हाईक रात्री येतं. लांब सोंडेचे पतंग. फुलाची नळी एवढी लांब आणि बारीक की दुसऱ्या कुणाची सोंड मधापर्यंत पोचायची मुश्कील. आणखी एक गंमत. आपण जिला मोठी पाकळी समजतो ती पाकळी नव्हेच, ते रूप बदललेले वांझ पुंकेसर. खऱ्या पाकळ्या मागे चिंधीसारख्या बारीक लोंबत असतात, त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

माहेर म्हणाल तर शास्त्रज्ञ पूर्व हिमालयापासून दक्षिण चीनपर्यंतचा ओला, सावलीचा पट्टा सांगतात. म्हणजे आमच्या कोकणात ही सासुरवाशीणच. (शेजारची कर्दळ तर अमेरिकेतली. आपलं परस हे आपल्याला वाटतं तेवढं आपलं कधीच नव्हतं.)

शास्त्रात याला हेडिकियम कोरोनारियम हे नाव दिलं योहान गेरहार्ड क्योनिग याने. हा मूळचा बाल्टिक समुद्राकाठचा, लिनियसचा शिष्य. 1768 साली तो तमिळ किनाऱ्यावर, तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीत, मिशनचा वैद्य म्हणून आला. पुढे अर्काटच्या नबाबाच्या पदरी राहिला, नंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या, आणि 1785 साली इथेच वारला. सोनटक्क्याचं वर्णन 1783 साली छापलं गेलं. तुम्ही म्हणाल, कोण हा क्योनिग? मंडळी, त्याचं नाव आपण रोज फोडणीत घालतो! कढीपत्त्याच्या शास्त्रीय नावातला 'कोएनिगी' तो हाच.

त्याने दिलेलं नाव मला आवडतं. पहिला शब्द ग्रीक, त्यात 'गोड' आणि 'बर्फ' हे दोन्ही आहेत. दुसरा लॅटिन, अर्थ 'माळांसाठीचं'. सरळ मराठीत 'गजऱ्याचं फूल'. म्हणजे परदेशातून आलेल्या वैद्यालाही या झाडाविषयी पहिली गोष्ट कळली ती हीच, की इथले लोक ही फुलं माळतात.

त्याच्याही आधी, सतराव्या शतकात, इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर रुम्फियस नावाच्या डच कंपनीच्या नोकराने तिथल्या वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ रचला. 1670 साली त्याची दृष्टी गेली, तरी काम सोडलं नाही. ग्रंथ छापून आला तो त्याच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी. त्यात हे फूल 'गंदासुली' या तिकडच्या नावाने येतं. त्यातला आपला 'गंध' ओळखायला व्याकरण लागत नाही. समुद्र ओलांडून शब्द गेला आणि फूलही.

बंगालात हा दोलनचाँपा. काझी नझरुल इस्लाम यांचा याच नावाचा कवितासंग्रह 1923 साली आला तेव्हा कवी इंग्रजांच्या तुरुंगात होते. हिंदी मुलखात हा गुलबकावली. परीच्या बागेतलं ते फूल, ज्याने आंधळ्या राजाला दृष्टी येते, ती गोष्ट फारसीतून उर्दूत आणि मग घरोघरी गेली. अमरकंटकला, नर्मदेच्या उगमापाशी, याच फुलाचा अर्क डोळ्यांसाठी म्हणून विकतात. (कृपा करून डोळ्यांत घालू नका. डॉक्टर आहेत.)

पण सगळ्यात लांबचा प्रवास क्यूबाचा. तिथे याला मारिपोसा, म्हणजे फुलपाखरू, म्हणतात. स्पेनविरुद्धच्या लढ्यांत, 1868 ते 1898 या काळात, बायका केसांत माळलेल्या या फुलांत चिठ्ठ्या लपवून बंडखोरांना पोचवत असत असं तिकडे सांगतात. 1936 साली हे क्यूबाचं राष्ट्रीय फूल ठरलं. आशियातलं झाड, आणि मान मिळाला अर्ध्या पृथ्वीपलीकडे. ब्राझीलमध्ये मात्र हेच 'दलदलीतली लिली' होऊन ओढ्याकाठची मूळची झाडं दाबून टाकतं. दक्षिण आफ्रिकेतही ते तणांच्या यादीत आहे. दोष झाडाचा नाही. पाणी दिसलं की ते पसरणारच.

आता आपल्या परसात येऊ.

आमच्या कोकणातल्या घरी विहिरीचं पाणी रहाटाने काढायचं. इतक्या कष्टाचं पाणी एकदा वापरून टाकणं म्हणजे पाप. न्हाणीचं पाणी पन्हळीतून मागे जायचं. त्यावर केळी, अळू, कर्दळ आणि या सगळ्यांच्या कडेने सोनटक्का. मे महिन्यात अंगण भाजून निघायचं तेव्हाही तेवढा तुकडा हिरवा. शिकेकाई, रिठा नि राखेचे दिवस ते, त्या पाण्याने झाडांचं काही बिघडत नसे. पाटबंधारे खात्याचा इतिहास आम्ही मुलांना शिकवला, पण या घरगुती पाटाचा धडा कुठल्या पुस्तकात आला नाही. तो सांभाळणाऱ्या बहुतेक बायका होत्या, म्हणूनही असेल.

आमच्याकडे तो सांभाळायची मोठी आत्या. माझ्या पिढीने तिला लाल आलवणातच पाहिलं. विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली ती कायमची. पन्हळ तुंबली की काठीने मोकळी करणं, वाळलेले दांडे बुडाशी कापणं, कंद सुटे करून शेजाऱ्यांना देणं हे सगळं ती करायची. श्रावण-भाद्रपदात तिन्हीसांजेला कळ्या खुडायच्या त्याही तीच. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, आणि रात्री उमलल्या की घरातल्या सगळ्या सुनांना, मुलींना वाटायची. मोजून, कुणाला कमी-जास्त नाही. स्वतःच्या वाट्याचं एकही नसायचं. मी एकदा विचारलं, "आत्या, तुला गं?" ती म्हणाली, "मला वास येतो की."

1856 साली विधवाविवाहाचा कायदा झाला. 1893 साली अण्णासाहेब कर्व्यांनी गोदूबाईंशी विवाह केला तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकलं. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं, मुलांनी वहीत उतरवलं. पण केसांत फूल घालू नये असं कुठल्याच कायद्यात कधी नव्हतं, तेव्हा ते रद्द करायलाही कायदा येणार कुठून? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला तो 2022 च्या मे महिन्यात, आणि मग सरकारने इतर गावांनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. कर्व्यांच्या विवाहानंतर 129 वर्षांनी! आत्या तोवर जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली होती.

असो. आता घरगुती विषय.

गावच्या घराची दुरुस्ती दिवाळीनंतर निघणार आहे आणि मागल्या दारी सगळीकडे कोबा घालायचा असं ठरतंय. चिखल नको, डास नकोत, साप नकोत. सगळं मान्य आहे. माझेही गुडघे आता चिखलात चालण्याजोगे राहिलेले नाहीत. पण न्हाणीचं पाणी पाइपने शोषखड्ड्यात गेलं की सोनटक्का एका उन्हाळ्यात संपेल. न्हाणीमागची पाच हात लांब, दोन हात रुंद जागा मोकळी सोडावी एवढंच माझं म्हणणं आहे. पाणी साचू न देता मातीत मुरू दिलं तर डास होत नाहीत. मात्र कपड्यांच्या पावडरीचं पाणी तिकडे सोडू नका, भाज्या-तांदूळ धुतलेलं आणि अंघोळीचं चालेल. गवंड्याशी मी फोनवर बोलले आहे. तो म्हणतो, घरच्यांनी सांगितलं तर सोडतो. तेव्हा घरच्यांनी सांगावं.

फ्लॅटवाल्यांसाठी. रुंद तोंडाची मोठी कुंडी घ्या, पसरट कंदाला खोलीपेक्षा रुंदी लागते. कंद मेअखेरीला लावा, दोन बोटं मातीखाली, डोळा वर. शेणखत भरपूर. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली असलेली बाल्कनी उत्तम. माती कधी कोरडी पडू देऊ नका, खाली पाण्याची ताटली ठेवली तरी हे झाड कुरकुरत नाही. फुलून झालेला दांडा बुडाशी कापा, तो पुन्हा फुलत नाही, शेजारून नवा येतो. दोन-तीन वर्षांनी गड्डा उपटून वाटून टाका, नाहीतर कुंडी फुटेल. आणि ओढ्यात, नाल्यात मात्र नेऊन टाकू नका. ब्राझीलचं वर सांगितलंच.

कंद सुटे करायला मी मेच्या तिसऱ्या आठवड्यात गावी जाणार आहे. ज्यांना हवेत त्यांनी आधी कळवा, आणि येताना ओलं गोणपाट आणा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ते कुजतात.